‘नर्मदा’ का पडते?

मी कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरी करते असं सांगितलं की टाउनशिपमधल्या बायका विचारायच्या, “म्हणजे टायपिंग का हो?” सुरुवातीला मी हौसेने समजावून सांगत असे. पुढेपुढे “हो, तसंच काहीसं,” म्हणून मोकळी व्हायला लागले. आता रिटायर होऊन भोपाळच्याच सोनागिरीत स्वतःच्या घरात राहते आहे, हाताशी वेळ आहे, आणि आपल्या मंडळाच्या अंकाला पानं भरायची आहेत, तर एकदा नीट सांगूनच टाकते.

माझं काम भांडण सोडवण्याचं होतं. कॉम्प्युटर पडला की तो कुणामुळे पडला, हे ठरवायचं.

‘पडला’ म्हणजे काय, तेही सांगते. मशीन बंद करतो आपण. पडतं ते स्वतःहून. कॉम्प्युटरमध्ये एक असतं लोखंड, म्हणजे हाताला लागणारं सगळं: प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, डिस्क, पंखे. आणि दुसरी असते ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा जो सगळ्यात आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. शेजारच्या जोशीकाकूंना मी हे आमच्या इस्टेट ऑफिसवरून समजावलं होतं. कुठलं क्वार्टर कुणाला द्यायचं, पाणी कधी सोडायचं, कुणी कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, हे सगळं इस्टेट ऑफिस बघतं. मशीनमध्ये तेच काम कर्नल करतो. एखाद्या घरात आग लागली तर तेवढं घर रिकामं करतात, बाकीची वस्ती चालू राहते. पण एकच क्वार्टर दोन कुटुंबांच्या नावावर चढलंय असं इस्टेट ऑफिसलाच आपल्या कागदांत दिसलं, तर? मग त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडतो आणि ते घाबरून सगळ्या टाउनशिपला कुलूप ठोकतं. मशीन पडतं ते असं. या प्रकाराला इंग्रजीत खरोखरच ‘पॅनिक’ म्हणतात.

आता कागद चुकला कसा? ऑफिसच्या बाबूने चुकीचं लिहिलं असेल, तर दोष कर्नलचा. बाबूने बरोबर लिहिलं होतं पण कागदाला वाळवी लागली, तर दोष लोखंडाचा. जोशीकाकू म्हणाल्या, “अगं बाई, मग विचारायचं ना बाबूला!” तिथेच तर सगळं अडतं. लोखंड एका कंपनीचं आणि ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळणारी कंपनी दुसरी. दोघी एकमेकींकडे बोट दाखवणार. मधे मी.

सगळीच भांडणं काही अवघड नसत. अकाउंट्समधल्या एका साहेबांचा पीसी रोज जेवणाच्या सुमारास पडायचा. त्यांचा व्हायरसपासून दृष्ट लागण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. मी जाऊन बघते तर काय, पोळ्या गरम राहाव्यात म्हणून साहेबांनी डबा पीसीच्या मागे, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे नेमका टेकवून ठेवलेला. डबा हलवला, पीसी बरा झाला. साहेब मात्र मला भेटले की पोळ्या गार झाल्याची तक्रार करायचे.

पण मला सांगायची आहे ती ‘नर्मदा’ची गोष्ट.

आमच्याकडे एकाच ऑर्डरमध्ये आलेली दोन जुळी मशीन होती. एकाचं नाव आम्ही ‘नर्मदा’ ठेवलं, दुसऱ्याचं ‘बेतवा’. ‘बेतवा’ प्लॅनिंग विभागाचं काम करायची आणि कधी शिंकायचीसुद्धा नाही. ‘नर्मदा’ डिझाइन विभागाला दिली होती, आणि तिच्यावर खरा हक्क मोघे साहेबांचा.

मोघे साहेब मूळचे इंदूरचे. उंच, किडकिडीत, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत पाती कोरणारे. पाणी अंगावर घेऊन फिरणारं जे प्रचंड पोलादी चाक टर्बाइनमध्ये असतं, त्याला रनर म्हणतात. मोघे साहेबांनी आयुष्यभर रनर आखले. डोंगरातल्या एका वीजघरासाठी त्यांनी नव्या घडणीचा, हलका आणि जास्त वीज देणारा रनर आखला होता. पात्यांवर कुठे किती ताण येतो याचं गणित ‘नर्मदा’ दिवसचे दिवस करत बसायची. उन्हाळ्याच्या शेवटी गिऱ्हाइकाची मंडळी डिझाइन बघायला येणार होती. तोपर्यंत गणित पुरं झालं नाही तर नेहमीचा जुना, जड रनरच जाणार होता. आणि त्याच सुमाराला मोघे साहेब रिटायर होणार होते. हा त्यांचा शेवटचा रनर होता.

आणि ‘नर्मदा’ पडायला लागली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी गणित संपत आलेलं असताना. पडली की पुन्हा पहिल्यापासून.

मोघे साहेब आमच्या सेंटरच्या काचेच्या दारापाशी येऊन उभे राहायचे. “शुभदाताई, आज कशी आहे?” अगदी हॉस्पिटलमध्ये विचारतात तसं.

लोखंडवाल्या कंपनीकडून अतहर मियाँ आले. जुन्या भोपाळचे, गालात पान, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं असं मिठ्ठास की ‘नाही’ म्हटलेलंही गोड वाटावं. त्यांनी मशीन उघडलं, धूळ झटकली, मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. सगळं पास.

“मॅडम, लोहा तो एकदम तंदुरुस्त है,” ते म्हणाले. “ये जो इसके अंदर दिमाग़ बैठा है ना, वो फिर गया है. बेंगलोरवालों से पूछिए.”

बेंगळुरूला ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या कंपनीत रेवती नावाची मुलगी आमची केस बघत होती. फोनवर तिचं इंग्रजी मोजकं आणि स्वच्छ. तिला हवे होते मशीनचे शेवटचे शब्द. पडताना कर्नल स्क्रीनवर भराभरा ओकून टाकतो: आपण कुठल्या कामात होतो, त्याआधी कुठल्या, त्याच्याही आधी कुठल्या. पण ते सगळं स्क्रीनवर मावत नाही, सुरुवात वर सरकून जाते. म्हणून मी ‘नर्मदा’च्या पाठीमागून एक केबल काढून शेजारच्या जुनाट पीसीला जोडली. आता तिचा शेवटचा शब्दन् शब्द त्या पीसीत उतरायला लागला.

ते वाचून रेवती म्हणाली, “मॅडम, हे प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी पडतंय. एकदा डिस्क वाचताना, एकदा मेमरी वाटताना, एकदा तर कर्नलच्या हातात काहीच काम नसताना. सॉफ्टवेअरची चूक अशी भटकत नाही, ती एका जागी राहते. हार्डवेअर आहे. मेमरी बदलून घ्या.”

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं.

अतहर मियाँना मी हे सांगितलं. त्या शेवटच्या शब्दांचे छापलेले कागद त्यांनी हातात घेतले, चष्मा वर केला आणि त्यातले काही बाजूला काढले. “और ये, ये और ये? ये तो तीनों एक ही जगह गिरे हैं मॅडम. नेटवर्क पे फाइल लिखते हुए. वाळवी लागलीय म्हणता, मग ती रोज येऊन त्याच पानावर कशी बसते?” वाळवीचा दृष्टांत मी त्यांनाही सांगून ठेवला होता, तो असा माझ्यावरच उलटला. (भोपाळच्या लोकांना मराठी समजत नाही अशा भ्रमात कुणी राहू नये. अतहर मियाँचं बालपण एका मराठी डॉक्टरांच्या शेजारी गेलं होतं.)

त्यांचं म्हणणंही बरोबर होतं.

मे महिना लागला. रणरणत्या उन्हाने टाउनशिपमधले रस्ते ओस पडायचे. इकडे माझ्या टेबलावर रेवतीच्या मेल आणि अतहर मियाँचे रिपोर्ट यांची थप्पी वाढत चालली. शेवटी आमच्या साहेबांनी एक बैठक बोलावली. रेवती फोनच्या स्पीकरवर, अतहर मियाँ समोर, मी मधे आणि कडेला मोघे साहेब. तासभर तेच ते. ती म्हणे मेमरी बदला, हे म्हणत कर्नल बदला. दोघांचाही आवाज चढत गेला. रेवती पहिल्यांदाच इंग्रजीतून हिंदीत उतरली, ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

एकदम मोघे साहेब उठले. हात हवेत, पण या खेपेला पाती कोरायला नव्हेत.

“अहो, तुम्ही दोघंही शहाणे आहात!” ते ओरडले. “दोघंही खरं बोलताय! मान्य! पण माझं मशीन चालू करा!”

आणि पाय आपटत बाहेर गेले. बैठक तिथेच मोडली. सगळ्यांनी तो टोमणा म्हणून घेतला. मी मात्र जेवायच्या सुट्टीत डबा उघडून बसले आणि घास हातातच राहिला. दोघंही खरं बोलत असतील तर? इतके दिवस आम्ही तिघंही एकच आजार शोधत होतो. रोग्याला एका वेळी एकच आजार व्हावा, असा नियम कुणी केला?

डबा तसाच झाकला आणि ते सगळे कागद टेबलावर पसरले. भटकणारे एका बाजूला, एकाच जागी पडलेले दुसऱ्या बाजूला. दोन ढीग झाले. भटकणाऱ्या ढिगातलं प्रत्येक पडणं गणित ऐन रंगात असतानाचं, सगळे प्रोसेसर तापलेले असतानाचं. दुसऱ्या ढिगातलं प्रत्येक पडणं ‘नर्मदा’ एखादी मोठी फाइल नेटवर्कवरून दुसऱ्या डिस्कवर ठेवत असतानाचं. दोन्ही ढिगांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ते मिसळल्यामुळे कुणालाच काही दिसत नव्हतं.

अतहर मियाँना फोन केला. “तुम्ही मेमरी कधी तपासलीत?”

“सुबह-सुबह. ठंडे-ठंडे में. क्यों?”

“तिला आधी कामाला जुंपू. चांगली तापू दे. मग तपासा.”

“मॅडम, टेस्ट तो टेस्ट होता है.”

“अतहर मियाँ, उन्हात उभं राहिल्यावर चक्कर येते म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही सावलीत झोपवून तपासलंत.”

“अभी आता हूँ,” ते म्हणाले.

दुपारी आम्ही ‘नर्मदा’ला गणिताला लावलं. मागच्या जाळीवर हात ठेवला तर चटका बसेल अशी ती तापली. गणित थांबवून लगेच मेमरीची तपासणी सुरू केली. अतहर मियाँ खुर्ची उलटी करून, पाठीवर हनुवटी टेकून स्क्रीनकडे बघत बसले. निम्मी मेमरी पास झाली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. तेवढ्यात एक लाल ओळ उमटली. मग आणखी एक. दोन्ही ओळी एकाच पट्टीतल्या, आणि दोन्हीत चूक एकच: जिथे एक लिहिला होता तिथे वाचताना शून्य येत होता.

मला वाटलं, आता हे तापणार. त्यांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, “निकल आया कम्बख़्त.” आणि जिना उतरून खाली स्कूटरच्या डिकीत ठेवलेली नवी पट्टी घेऊन आले. म्हणजे माणूस तयारीने आला होता! मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. “एहतियातन, मॅडम,” ते म्हणाले. म्हणजे खबरदारी म्हणून.

पट्टी बदलली. ‘नर्मदा’ धावायला लागली. मोघे साहेबांनी सगळ्या सेंटरला समोसे खिलवले. आणि दोन दिवसांनी ती पुन्हा पडली.

मोघे साहेब धावत आले ते मी शेवटचे शब्द वाचत असताना. मी हसत होते.

“हसताय काय?” ते पांढरेफटक पडले होते. “आमचा जीव जातोय इथे!”

“साहेब, ती फाइल लिहिताना पडली. त्याच जागी.”

“मग?”

“मग आता एकच आजार उरलाय.”

पुढच्या वेळीही तीच जागा, त्याच्या पुढच्या वेळीही तीच. भटकणं साफ थांबलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. फाइल नेटवर्कवर जात असताना नेमका बॅकअपही सुरू झाला, तरच ती पडायची. कर्नलचे दोन हात एकाच वेळी एकाच कागदाला लागायचे आणि कागद फाटायचा. आता मी ‘नर्मदा’ला हवी तेव्हा पाडू शकत होते, आणि आमच्या धंद्यात पाडता येणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. पण अतहर मियाँच्या लोखंडावरचा संशय पुरता धुऊन काढायला एकच उपाय होता. निरोगी ‘बेतवा’ही, जिच्या वाट्याला एवढ्या मोठ्या फाइली कधी आल्याच नव्हत्या, तशीच पडायला हवी.

प्लॅनिंगचे बत्रा साहेब हे ऐकून उभेच राहिले. “आप मेरी अच्छी-भली मशीन गिराएँगी? जानबूझ के?”

“जेवायच्या सुट्टीत, सर. तुमचं सगळं काम आधी जपून ठेवते.”

“और गिरी नहीं तो?”

“तर मी खोटी.”

त्यांना बहुधा ही दुसरी शक्यता बघायचा मोह झाला. त्यांनी होकार दिला.

रेवती तोवर बेंगळुरूहून आली होती. आवाजावरून मी तिला चाळिशीची समजत होते. प्रत्यक्षात माझ्या मुलीच्या वयाची, पाठीवर भली मोठी सॅक. अतहर मियाँ आणि ती एकमेकांसमोर पहिल्यांदाच उभे होते, आणि दोघंही अतिशय सभ्यपणे एकमेकांना टाळत होते. मी ‘बेतवा’वर एक मोठी फाइल नेटवर्कवर पाठवायला सुरुवात केली, बॅकअप चालू केला आणि हात मागे घेतले. बत्रा साहेब घड्याळाकडे बघत होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग स्क्रीनवर अक्षरांचा धबधबा कोसळला आणि ‘बेतवा’, जन्मात कधी न पडलेली ‘बेतवा’, आडवी झाली. त्याच जागी.

“गिर गई!” बत्रा साहेब ओरडले. दुःखाने की आनंदाने, ते अजूनही मला कळलेलं नाही.

रेवतीने टाळ्या वाजवल्या. “मॅडम, ब्युटिफुल!” मग अतहर मियाँकडे वळून ती म्हणाली, “सॉरी सर. हमारा ही है.”

अतहर मियाँनी छातीवर हात ठेवून मान लववली. “बेटा, आधा हमारा भी था.” त्या दिवशी दोघांनी आमच्या कँटीनमध्ये एका टेबलावर बसून पोहे-जलेबी खाल्ली, आणि मी एवढी वर्षं केलेल्या नोकरीतला तो सगळ्यात सुंदर देखावा होता.

दुरुस्त कर्नल यायला वेळ लागणार होता. तोवर रेवतीने साधा उपाय सांगितला: फाइल लिहिली जात असताना बॅकअप चालवायचा नाही. बस्स. ‘नर्मदा’ पडायची थांबली.

मोघे साहेब खूष होऊन म्हणाले, “चला, आता उरलेलं गणित लावा. वेळेत होतंय.”

माझ्या मनात मात्र दुसरंच काही घोळत होतं. ते त्यांना कसं सांगावं कळत नव्हतं.

“साहेब, बसा जरा. ती खराब पट्टी मशीनमध्ये किती महिने होती, कोण जाणे. कर्नलच्या कागदावर तिने एक अक्षर खाल्लं तेव्हा मशीन पडलं, म्हणून आपल्याला कळलं. पण तेच अक्षर तुमच्या गणितातलं खाल्लं असेल तर?”

“तर?”

“तर मशीन पडणार नाही. गणित पुरं होईल. उत्तर येईल. फक्त ते चुकलेलं असेल.”

त्यांचे हात पहिल्यांदाच मांडीवर गप्प पडले. “म्हणजे आधीची सगळी उत्तरं...”

“पुन्हा करून बघायला हवीत.”

“शुभदाताई, वेळ कुठे आहे?” ते चिडले, मग विनवायला लागले, मग पुन्हा चिडले. आलेली उत्तरं समजूतदार दिसतायत, म्हणाले. माझ्याकडे एकच उत्तर होतं: त्या चाकाखाली माणसं काम करणार आहेत. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत वळले तेव्हा म्हणाले, “बत्रांची ‘बेतवा’ही लागेल.”

बत्रा साहेबांनी सुट्टीच्या दिवसांसाठी ‘बेतवा’ दिली. जिला आम्ही पाडलं होतं, तिनेच आम्हाला हात दिला. दोघी मिळून जुनी गणितं एकामागून एक पुन्हा करू लागल्या. उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत जुन्यासारखीच येत होती. मला जरा ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. मग एक गणित असं आलं की जुनं आणि नवं जुळेना.

तो मोघे साहेबांनी सगळ्यात आधी आखलेला आकार होता. जुन्या उत्तरात पात्याच्या मुळाशी एका जागी ताण भलताच वाढलेला दिसला होता. का, ते त्यांना कधी उमगलं नव्हतं. पण मशीन म्हणतंय म्हणून त्यांनी तो आकार सोडला, मुळाशी पोलाद वाढवलं, रनर जड केला आणि मग वजन वाचवायला बाकी सगळीकडे कसरती करत बसले. नव्या उत्तरात तो ताण नव्हताच. पात्यावरच्या हजारो बिंदूंपैकी एकाचा पत्ता मेमरीने बदलला होता, आणि गणिताने तिथे नसलेला खड्डा बघितला होता.

मोघे साहेब स्क्रीनसमोर बराच वेळ बसले. मला वाटलं आता संतापणार, वाया गेलेल्या महिन्यांसाठी. “मला वाटलं होतं, वय झालं माझं,” ते हळूच म्हणाले. “नजर गेली. चांगला आकार कुठला, ते कळेनासं झालं.” मग त्यांचे हात वर आले आणि हवेत एक पातं कोरलं गेलं, मुळाशी बारीक, टोकाला वळलेलं.

गिऱ्हाइकाच्या मंडळींपुढे त्यांनी तोच पहिला आकार मांडला. मंजूर झाला.

आज सगळी मशीन कुठल्यातरी दूरच्या इमारतीत असतात. एक पडलं तर दुसरं उभं राहतं, आणि पहिल्याचे शेवटचे शब्द वाचायला कुणाला सवड नसते. असो. आमच्या काळाची कौतुकं आम्हीच करायची.

रनर घडून तयार व्हायला बराच काळ गेला. तोवर मोघे साहेब भोपाळमध्येच अरेरा कॉलनीत मुलाकडे राहायला गेले होते. रनर रवाना व्हायच्या दिवशी कारखान्याने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि त्यांनी मला सोबत घेतलं. मी एवढी वर्षं त्याच आवारात नोकरी केली, पण आमची मशीन जिचं गणित करतात, ती वस्तू कधी जवळून पाहिली नव्हती. लांबलचक ट्रेलरवर ते चाक बांधलेलं होतं. माझ्या घराच्या बैठकीच्या खोलीत मावलं नसतं एवढं. उन्हात चांदीसारखं लखलखत होतं.

मोघे साहेबांनी एका पात्याच्या मुळाशी तळवा टेकला. “इथे,” म्हणाले. मीही हात ठेवला. पोलाद गरम होतं, गुळगुळीत, आणि खड्डा वगैरे काही नव्हता.

“बरोबर आलंय ना, साहेब?” मी विचारलं.

ते हसले. “तुम्ही सांगितलंत, ‘नर्मदा’ने सांगितलं, ‘बेतवा’नेही सांगितलं. आता पाणी सांगेल.”

ट्रेलर अगदी सावकाश गेटबाहेर वळला. त्याला बरीच वर्षं झाली. ते वीजघर चालू आहे, आणि पाण्याची अजून तरी काही तक्रार आलेली नाही.